सुईची वरची खाच

मला चिकट म्हणणारे लोक डोंबिवलीत पुष्कळ होते, आणि त्यांतल्या निम्म्यांना गणित मीच शिकवलं होतं. मला त्याचं वाईट वाटत नसे. लढाईच्या दिवसांत रॉकेल, साखर, कापड सगळंच रेशनवर होतं. त्या काळात ज्यानं संसार ओढला त्याला एक खोड लागते. कुठलीही वस्तू वापरायच्या आधी ती थोडी कमी करून बघायची. चहात साखर अर्धा चमचा कमी चालते का? चालते. कंदिलाची वात जरा खाली चालते का? चालते. मग मोटारसायकलला पेट्रोलही कमी का चालू नये, असं माझ्या डोक्यानं घेतलं, आणि एकदा माझ्या डोक्यानं काही घेतलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी ते निघत नसे.

मोटारसायकल मी अठ्ठेचाळीस साली कल्याणच्या लष्करी छावणीतल्या लिलावात घेतली. हिरवी, अवजड, बाजूला साइडकार जोडलेली. शुभदा, म्हणजे आमची मंडळी, दारात उभी राहून म्हणाली, "अहो, घरात धड कपाट नाही आणि रणगाडा कसला आणलात?" आमची सरोज तेव्हा चार वर्षांची होती. तिला साइडकारमध्ये बसवलं, तर तिनं भोकाड पसरलं ते बाहेर काढल्यावर, आत असताना नव्हे. त्यामुळे रणगाडा घरात राहिला.

गाडी चांगली होती, पण तापायची. शाळेपर्यंत बिनतक्रार जायची, पण चार-पाच मैल सलग धावली की इंजिनाला हात लावायची सोय नसे. कार्बोरेटरमधून ती फटाफट शिंकायची, चढावर दम टाकायची आणि शेवटी हट्टी बैलासारखी मध्येच उभी राहायची. मी प्लग बदलले, जाड तेल घातलं, इंजिनावर ओलं फडकं टाकून पाहिलं. कल्याणला उत्तम म्हणून एक फिटर होता. लढाईत त्यानं अशाच गाड्या दुरुस्त केल्या होत्या. त्यानं प्लग काढून माझ्यासमोर धरला.

"मास्तर, हा बघा, चुन्यासारखा पांढरा पडलाय. विटकरी हवा. गाडी उपाशी चाललीय तुमची, म्हणून तापते. सुई वर घ्या."

प्लग पांढराशुभ्र निघतो याचा मला तोवर अभिमान होता. मी तो स्वच्छतेचा पुरावा समजत होतो. आणि सुई खाली घेतली होती ती मीच. कार्बोरेटरमध्ये एक लांब सुई असते, तिच्या डोक्याशी पाच खाचा आणि एका खाचेत नखाएवढी क्लिप. क्लिप वरच्या खाचेत बसवली की सुई खाली जाते आणि पेट्रोलची वाट अरुंद होते. मी सगळ्यांत वरची खाच धरली होती. उत्तमची गिऱ्हाइकं गॅलनला पन्नास मैल काढत, मी सत्तर काढत होतो.

"उत्तम, पेट्रोल म्हणजे आग," मी त्याला वर्गात सांगावं तसं सांगितलं. "चूल तापली तर आपण लाकूड बाहेर ओढतो, आत सारत नाही."

उत्तमनं प्लग परत बसवला आणि पैसे घेतले नाहीत. मला वाटलं, पटलं त्याला.

आता परशुरामशेठचं सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यांच्या घरची आहे. आमची दोन खोल्यांची जागा परशुरामशेठच्या वाडीत होती. हे मूळ डोंबिवलीचे आगरी. वडील मिठागरात राबलेले, यांच्या वाट्याला जमीन आली आणि आगगाडीमुळे त्या जमिनीवर आमच्यासारखे नोकरदार भाडेकरू आले. त्यांची बायको शकू. सावळी, उंच, मोठ्यानं हसणारी.

सरोज जन्मली चव्वेचाळीस साली. ती सत्तावीस दिवसांची असताना शुभदाला विषमज्वर झाला. ती शुद्धीत नव्हती, दूध आटलं होतं. वरचं दूध पोरीला पचेना. पाच दिवसांत तिची मूठ वळेनाशी झाली. सहाव्या दिवशी शकू कुणी न बोलावता आली, पोरीला माझ्या आईच्या हातातून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून पाजायला बसली. तिचा काळुराम तेव्हा चार महिन्यांचा होता. पुढचे तीन महिने तिनं दोघांना पाजलं.

माझी आई सोवळ्याची. पोर जगतेय हे तिला दिसत होतं, आणि आगऱ्याच्या बाईचं दूध पिऊन जगतेय हेही. तिनं अट घातली की हे कुणाला कळता कामा नये, उद्या पोरीचं लग्न व्हायचंय. म्हणून शकू दिवसातून पाच-सहा वेळा मागच्या दारानं यायची आणि हातात म्हशीच्या दुधाची चरवी आणायची. बघणाऱ्याला वाटावं, रतीब घालायला आली. घराची मालकीण, आणि तीन महिने तिनं आमच्या दारी गवळण होऊन यायचं सोंग वठवलं. शुभदा उठली तेव्हा आईनं शकूला एक लुगडं दिलं आणि विषय संपवला.

मी काय केलं? काही केलं नाही. "आभारी आहे" एवढे दोन शब्दसुद्धा मी तिला मोजून दिले नाहीत. आज बोलू, उद्या बोलू, असं म्हणत मी पाच वर्षं घालवली. मधल्या काळात आई दुखण्यानं गेली, त्यानंतर तरी बोलायला हरकत नव्हती, पण तोवर गप्प बसायची सवय झाली होती. एकोणपन्नासच्या पावसाळ्यात शकू कावीळ होऊन गेली. शुभदा मला एवढंच म्हणाली, "झालं ना तुमच्या मनासारखं? वाचले शब्द." त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

त्रेपन्नच्या वैशाखात शकूच्या थोरल्या मुलीचं, तुळसाचं, लग्न निघालं. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. ही गाणारी बाई. हळदीपासून मांडवापर्यंत प्रत्येक विधी तिच्या गाण्यावर चालतो, तिच्या गाण्याला धवला म्हणतात. देवांना ती बोलावते, मग नवरीच्या बापाकडच्या माणसांची नावं घेते, मग आईच्या माहेरच्यांची. गावची धवलारीण रखमाबाई तयार होती. पण तुळसाचा हट्ट होता की आईच्या माहेरचा धवला खारीगावच्या आवडाबाईनंच म्हणावा, कारण शकूच्या लग्नात तिनंच म्हटला होता. शकूला ना भाऊ ना बहीण, आईबाप कधीच गेलेले. खारीगावात तिचं म्हणावं असं कोणी उरलं नव्हतं. उरली होती ती ही सत्तरीची म्हातारी आणि तिच्या गळ्यातलं गाणं.

परशुरामशेठचा पुतण्या गोविंदा बैलगाडी घेऊन तिला आणायला गेला आणि लग्नाच्या आदल्या दिवशी हात हलवत परत आला. म्हातारीचे गुडघे धरले होते. बैलगाडीत दिवसभर हाडं खिळखिळी करून घ्यायला ती तयार नव्हती. आगगाडीच्या डब्यात तिला चढता येत नव्हतं. गोविंदा म्हणाला, आम्ही उचलून चढवतो, तर तिनं त्याला काठी दाखवली होती. "मी काय मिठाची गोन हाव, मना उचलून नेवाला?"

लग्नाच्या सकाळी तुळसा हळदीच्या अंगानं आमच्या मागच्या दाराशी आली. नवरीनं असं बाहेर पडायचं नसतं. ती शुभदाला म्हणाली, "काकू, माझे आयशीचे गावचा एक तरी मानूस मांडवान पायजे होता गो. बापसाकरचे शंभर लोक हान. तिच्याकरचा कोनूच नाय." आणि ती रडली, आवाज न करता.

शुभदानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी अंगात शर्ट घातला आणि ओरडलो, "रडतेस काय? संध्याकाळचा मुहूर्त आहे ना? चारच्या आत आवडाबाईला इथे आणून बसवतो. साइडकार काय शोभेला आहे?"

बोलून गेलो. पंधरा मैल जायचं, पंधरा मैल यायचं, वैशाखाचं ऊन आणि तापणारी गाडी. पण त्या मुलीचं रडणं एकदम थांबलं आणि ती इतक्या विश्वासानं माझ्याकडे बघायला लागली की मला माझीच भीती वाटली.

जाताना शीळफाट्याच्या अलीकडे गाडी एकदा उभी राहिली. अर्धा तास गेला. मुंब्र्यात पुन्हा एकदा. खारीगावात पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. आवडाबाई ओटीवर बसली होती. वाळकी, ताठ, कपाळभर कुंकू. मी काम सांगितलं. तिनं काठीनं साइडकार ठोकून पाहिली.

"यो पाळना माझे एकलीचा?"

"तुमच्या एकटीचा."

"कोन उचलनार नाय ना मना?"

"कोणी हात लावणार नाही."

म्हातारी हसली. नवं लुगडं नेसून, पितळी तांब्यात पाणी भरून, तो मांडीवर घेऊन ती साइडकारमध्ये बसली. निघेपर्यंत दोन वाजले. अख्खं खारीगाव तिला बघायला जमलं होतं आणि ती डाव्या-उजव्या हातानं सगळ्यांचा निरोप घेत होती.

मुंब्र्यापर्यंत छान आलो. डोंगराच्या कडेनं रस्ता चढायला लागला आणि कौसा मागे पडल्यावर गाडी शिंकायला लागली. फट्. फट्फट्. मी जितकं पिळावं तितकी ती मागे ओढायची. शेवटी एक किंचाळल्यासारखा आवाज आला आणि इंजिन जागच्या जागी आवळून बसलं. किकवर उभा राहून नाचलो तरी ती हलेना. तीन वाजले होते. रस्त्याला एक शिरीष होता, त्याच्या सावलीत गाडी ढकलली आणि आम्ही दोघं बसलो. आवडाबाई साइडकारमध्ये, मी धुळीत.

"आता?" ती म्हणाली.

"गार होऊ द्यायची."

"कवा व्हनार?"

"होईल तेव्हा!" मी खेकसलो. मग ओशाळलो.

मग तिनं विचारलं, "मास्तर, तू शकूचा कोन?"

"मी? मी त्यांचा भाडेकरू. घरमालकाच्या मुलीचं लग्न, शेजारधर्म म्हणून निघालो."

"शेजारधर्म," ती म्हणाली. "वैशाखाचे उनान जलतंस, मानसावर वरडतंस. बामनाचा शेजारधर्म लय मोठा हाय रं."

मी घड्याळाकडे बघत राहिलो. मला डोळ्यासमोर सारखी तुळसा दिसत होती, मांडवाच्या दाराकडे बघत बसलेली. चार. साडेचार. मी सांगितलेल्या चार वाजण्याचं केव्हाच वाटोळं झालं होतं. इंजिन सुटलं, सुरू केलं, दोन फर्लांग गेलो आणि पुन्हा फट्फट्. आता मात्र मी गाडीला लाथ मारली. लागलं मलाच.

"किती पितो यो?" आवडाबाईनं विचारलं.

इतका वैतागलो होतो, तरी या प्रश्नावर माझी छाती पुढे आली. "फार थोडं. लोकांच्या गाड्या गॅलनला पन्नास मैल जातात. माझी सत्तर जाते."

"म्हंजे तू येला उपाशी ठेवतंस."

"आवडाबाई, तुम्हाला यातलं कळत नाही. पेट्रोल म्हणजे आग. तापलेल्या चुलीत आणखी लाकूड घालायचं का?"

"लाकूड रव्ह दे. टोपान पानी किती घातलंस त्या सांग. पानी कमी परला त भात करपतो, चूल किती बी मंद असूं दे." तिनं तांब्या उचलून दोन घोट घेतले. "मी पन्नास वर्सां मांडवान गातंय. गला सुकला का आवाज असाच फाटतो. त्या मना कोनी शिकवाला नाय लागत. तुझे गारीचा गला सुकलाय. पाज तिला."

उत्तम तेच म्हणाला होता. फिटर म्हणाला तेव्हा मी त्याला चूल शिकवली, आणि आता चूलवालीच मला भात शिकवत होती. मला राग आला. खरं सांगतो, मी अवजारांची पिशवी उघडली ती म्हातारीला खोटं पाडायला. म्हटलं, घे, पाजतो तुझ्या हट्टाखातर, आणखी तापली की तोंड बंद होईल. कार्बोरेटरचं वरचं झाकण फिरवून काढलं, सुई बाहेर ओढली, क्लिप दातांत धरली. घाम डोळ्यांत जात होता. वरच्या खाचेतून क्लिप काढली होती ती दोन खाचा खाली, मधल्या खाचेत बसवली. सगळं परत लावलं. आठ-दहा मिनिटांचं काम. पाच वर्षं मी ते केलं नव्हतं.

किक मारली. आवाज ऐकूनच मला कळलं. गाडी खोल, भरल्या पोटानं बोलत होती. शीळफाट्याचा चढ तिनं असा घेतला की मी अविश्वासानं मागे वळून पाहिलं. एक शिंक नाही. शीळफाट्याला वळल्यावर थांबून इंजिनाजवळ हात नेला. गरम होतं, पण माणसात होतं.

आणि मग मला माझीच लाज वाटली, कारण आठवीच्या वर्गात दर वर्षी माठातलं पाणी गार का राहतं ते मी फळ्यावर लिहून देत होतो. पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जातं. पेट्रोलही तेच करतं. दोन घोट जास्त दिले की ते जळतंही आणि आतली धगही घेऊन जातं. मी ते दोन घोट वाचवले आणि पाच वर्षं गाडी भाजून काढली. उत्तमचे, त्या म्हातारीचे उपकार मी आजही विसरलेलो नाही, पण त्या रस्त्यावर मला आठवत होती ती शकू. तिनं दोन पोरांना पाजताना मोजलं नव्हतं. काळुरामला कमी पडेल का, असं तिनं एकदाही म्हटलं नव्हतं.

"गप का झालास?" आवडाबाई वाऱ्यात ओरडली.

"काही नाही," मी ओरडलो. ती हसली आणि गुणगुणायला लागली. मानपाड्यापर्यंत ती गळा तापवत आली.

डोंबिवलीत शिरलो तेव्हा साडेपाच होत आले होते. मांडवात वऱ्हाड बसलं होतं. शाळेचे हेडमास्तर, आमच्या आळीतले अण्णा, वाडीतले सगळे भाडेकरू पुढच्या सतरंजीवर बसले होते, आगरी मंडळी पलीकडे. रखमाबाईचं गाणं बापाकडच्या नावांपर्यंत येऊन थांबलं होतं. तिनं ते लांबवत लांबवत अर्धा तास ओढलं होतं असं मला नंतर कळलं. आवडाबाई काठी टेकत आत गेली, कुणाला हात लावू न देता, आणि तुळसासमोर पाटावर बसली. तुळसानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हातारीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला. "शकूच हाय गो," ती म्हणाली.

मी खांबाजवळ उभा होतो. ग्रीसनं काळे हात, धुळीनं माखलेला. मला वाटलं, माझं काम झालं.

आवडाबाईनं तांब्यातल्या पाण्याचे दोन घोट घेतले आणि रीतीप्रमाणे विचारलं, "शकूचे माहेराचा कोन हाय? नांव सांगा, धवल्यान घेतंय."

मांडवात ज्याला त्याला माहीत होतं की कोणी नाही. तिनं दुसऱ्यांदा विचारलं. परशुरामशेठनं मान खाली घातली. तुळसा ताठ बसली होती. आवडाबाईला मी आणलं म्हणून ती आली होती. गाणं तिच्याकडे होतं, पण गाण्यात घालायला नाव नव्हतं. पंधरा मैल मी तिला रिकाम्या धवल्यासाठी आणलं होतं.

"तिसऱ्यांदा विचारतंय. शकूचा कोन हाय?" आणि या वेळी म्हातारी सरळ माझ्याकडे बघत होती.

हेडमास्तर समोर होते. अण्णा समोर होते, ज्यांच्या मुलाचं स्थळ पुढे सरोजला सांगून यावं असं आईच्या मनात होतं. मला हे सगळं दिसलं. बोलताना माझा आवाज फाटला, घसा कोरडा पडला होता.

"मी आहे," मी म्हणालो.

सगळे वळले.

"शकूबाई आमच्याकडे रतीब घालायला येत नव्हती. चरवी नुसती दाखवायला असायची. माझी सरोज महिन्याची नव्हती तेव्हा तिची आई तापात होती आणि पोर मरत होती. शकूबाईनं तिला तीन महिने अंगावर पाजलं. काळुरामच्या वाटणीचं दूध पाजलं. आम्ही ते लपवलं. मी लपवलं. ती होती तोवर मी तिला साधं आभारी आहे असं म्हटलं नाही. ज्या बाईनं माझ्या पोरीला दूध दिलं ती माझी बहीण. तिच्या माहेरचा मी आहे. घ्या माझं नाव, हरिहर."

मग बायकांच्या बाजूनं शुभदा उठली. तिनं सरोजला दंडाला धरून उभं केलं, मांडवाच्या मधोमध नेलं आणि तुळसा-काळुरामच्या शेजारी बसवलं. सरोजला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती नऊ वर्षांची, तिला एवढंच कळलं की आपल्याला नवरीजवळ बसायला मिळालं. काळुरामनं तिला सरकून जागा दिली.

आवडाबाईनं डोळे मिटले आणि आवाज उचलला. एवढ्याशा देहात तो कुठे होता कोण जाणे.

"मांडवाचे दारी गो कोन आयला,
शकूचा भाऊ हरिहर आयला.
संगती त्याचे गो कोन आयली,
दुधाची बहीन सरोज आयली."

मी खांबाला टेकलो. मला रडू येत होतं आणि ते मी थांबवलं नाही. परशुरामशेठ केव्हा शेजारी येऊन उभे राहिले मला कळलं नाही. हळदीचा हात त्यांनी माझ्या काळ्या हातावर ठेवला.

"शेठ, उशीर झाला मला," मी म्हणालो.

"झाला," ते म्हणाले. "शकू जाताना मना बोलली, तुमी कोनाला सांगू नका. मास्तर सांगतील. त्यांना येल लागंल, पन सांगतील."